रेवदंडा ते मुरूड, शिडाने

५ जानेवारी, माले गाव, घरी
जुना मित्र नरहरीचा फोन. तो आणि आशालता वहिनी स्वतःच्या शिडाच्या बोटीने गोव्याहून निघालेत. मुरूडला नांगर टाकणार, १७ला सकाळी गुजरातकडे. पुन्हा कधी भेट होईल सांगता येत नाही, म्हणाला.
सहा वर्षांपूर्वी जमीन भावाला देऊन त्याने बोट घेतली, तेव्हा निरोप समारंभात मी त्याला भर स्टेजवरून पळपुटा म्हणालो होतो. टाळ्या प्रचंड पडल्या. त्यानंतरचा हा पहिला फोन.
निश्चय: माफी मागायची. एकच ओळ. आणि जायचं ते शिडानेच. मराठा आरमारावर बावीस वर्षं व्याख्यानं देणारा माणूस एसटीने दर्याच्या भेटीला जाणार नाही.

सायं. ६
सौ. रत्नाचा आक्षेप: धरणाच्या लाँचमध्ये तुमी डोळं मिटून माझा दंड धरला व्हता. खुलासा: चिंतन चालू होतं.

८ जानेवारी
हिंजवडीच्या मनीषची यॉट मिळाली. रेवदंड्याच्या खाडीत असते. मनीष माझा जुना श्रोता. चालवायला तिथला एकनाथ तांडेल. मी त्याला मार्गदर्शन करीन.
माफीची ओळ तयार. किंचित प्रस्तावना हवी.

११ जानेवारी
प्रस्तावना नऊ पानं.

१३ जानेवारी
समुद्राचा सराव. अंगणातल्या झोपाळ्यावर पंचवीस मिनिटं. उलटी झाली. कारण: शिळी उसळ. सौ. म्हणाली, उसळ म्या बी खाल्ली हाय.

१५ जानेवारी, रेवदंडा, स. ९
दहाच्या आत निघायचं, मग ओहोटी, असं एकनाथ म्हणतो. धक्क्यावर मोहिमेचा छोटासा सत्कार ठेवला आहे. शाल, श्रीफळ, दोन शब्द. दहा मिनिटं.

दु. १२
भाषण अप्रतिम झालं. कोळणी टोपल्या खाली ठेवून ऐकत होत्या. एकनाथ तीनदा ओरडला: साहेब, पाणी चाललं! पण श्रोत्यांना अर्ध्यावर सोडणं माझ्या तत्त्वात बसत नाही. नारळ फोडला तेव्हा बोट चिखलात आडवी. चढायला गेलो, गुडघ्यापर्यंत रुतलो. शालीसकट. एक कोळीण म्हणाली, काढू नका रे, अजून बोलंल. बाकीच्या हसल्या. कोकणात वक्तृत्वाची कदर उरलेली नाही.
पुढची भरती रात्री. अंधारात निघणं शिस्तीला धरून नाही, असा निर्णय मी घेतला. एकनाथ दोर गुंडाळायला लागला. पटलं असावं.

१६ जानेवारी, मुरूड, दु. ४
सौ.ला घेऊन एसटीने आलो. हे रणनीती म्हणून.
नरहरीची बोट किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. तो रबरी होडी घेऊन आला. केस पांढरे, रंग रापलेला. चल, चहा तयार आहे, म्हणाला. होडी हलत होती. मी एक पाय टाकला, परत घेतला. त्याला सांगितलं, आज गुडघ्याला पथ्य आहे, तूच वर ये. तो म्हणाला, वहिनींना नेतो, तुझा गुडघा बरा झाला की हात कर.
सौ. साडी खोचून बसली. पोहता येत नाही तिला.
मी वाळूत उभा राहून माफीची, नवाची आता अकरा झालेली पानं मनात म्हटली.

सायं. ६
सौ. परत. आशालता वहिनींनी सुरमई तळली होती म्हणे. माझ्या भाषणाची प्रत तिला दिलीच नव्हती, म्हणून विचारलं, काय बोललीस? तर म्हणाली, सांगून टाकलं, ह्येंचं चुकलं. ह्येंना म्हनता येत न्हाई.
एवढंच? नरहरी काय म्हणाला?
म्हनले, म्हाईत हाय, पर त्यानं म्हनायला पाहिजे व्हतं.
उद्या पहाटे जाईन. होडीत. नक्की.

१७ जानेवारी, स. ७.१०
सहालाच वाळूवर हजर. होडी आली नाही, मी हात केला नव्हता. शीड वर गेलं तेव्हा हात केला. त्याला वाटलं निरोप देतोय. त्यानेही केला.
मी ओरडलो: नरहरी, माझं चुकलं! वारा समोरून होता.
शेजारचा चहावाला म्हणाला, काका, मोठ्यानं बोला, ऐकू जात नाही.