आमदार दादांना उत्तर

विटा,
ता. ११ ऑक्टोबर १९४९

ती. नानासो दादांस,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. आईचा दमा जरा उतरलाय. तुमची म्हैस व्याली, रेडी झाली.

तुमचं पत्र आणि सोबतचा कागद पोचला. केरबा हवालदारानं मला भरीला घातलं, सभेत मी खोटं बोलले, अशा मजकुराखाली सही केली की तुमचं होऊ घातलेलं मंत्रिपद वाचतं म्हणे. सही मिळणार नाही.

त्या दिवशी ठरवून आले नव्हते. शाळेला आमच्या मालकांचं नाव द्यायचं म्हणून तुम्ही मला वर बसवलंत. गप्पच बसले असते. पण तुम्ही लोकांना सांगू लागलात, "आकारामानं माझ्या मांडीवर प्राण सोडला!" दादा, ते तुरुंगात तापानं गेले. तेव्हा तुमच्यावरचं वॉरंट रद्द होऊन महिना झाला होता आणि तुम्ही सांगलीत उजळ माथ्यानं हिंडत होता.

मी उठले. लग्नापासून चारचौघांत कधी घेतलं नव्हतं ते नाव घेतलं. "आकारामाला माझ्या भावानं धरून दिलं."

तुम्ही हसलात. "दुःखानं डोकं फिरलंय बाईचं."

तेवढ्यात मागनं केरबा उठला. "डोकं न्हाई फिरलं तिचं. धनगराचा तळ आमाला ह्या आमदारानंच दावला. मी व्हतो की पोलिसांत!"

तुमचं तोंड पांढरं पडलेलं बघितलं आणि घरी येऊन सहा वर्षांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

तुम्ही विचारलंय, केरबानं तुला पंचेचाळीस सालीच सांगितलं होतं, तर निवडणुकीत मालकांचा फोटो घेऊन माझ्या मोटारीत का बसलीस? बरोबर विचारलंत. तुम्हाला उंच चढू देऊन पाडायचं होतं, असं मी केरबाला सांगते. खोटं आहे ते.

मालक भूमिगत होते तेव्हा वडूजच्या माळावर ते जिथं लपले होते तो धनगराचा तळ तुम्हाला मीच सांगितला. ते तापानं फणफणले होते. औषध पोचवा म्हणून मी तुमच्या पाया पडले. तुम्ही म्हणालात, "जा घरी, मी बघतो." तळ मी सांगितला हे फुटलं तर लोक माझ्याही तोंडावर थुंकतील, म्हणून दातखीळ बसली. त्या भीतीच्या जिवावर तुम्ही आमदार झालात.

सोमवारी सांगलीला पक्षाची चौकशी आहे. केरबा येणार, मीही येणार. आधी माझी चूक सांगेन, मग तुमचं पाप. मला लोकांनी काय म्हणायचं ते म्हणू दे. तुमच्या गळ्यात मात्र ह्या मुलखात पुन्हा हार पडू देणार नाही.

आई रोज विचारते, नाना मंत्री कवा व्हनार? तिला मी काही बोललेले नाही. भाऊबीजेला या, तिच्यासमोर बसा आणि तुमच्या तोंडानं सांगा. मी दारात उभी राहून ऐकेन.

आकाराम यांची,
सुलाबाई