टाकीतलं पाणी

१ जुलै
आष्ट्याला रुजू झाले. माती परीक्षणाची प्रयोगशाळा लहान, पण खिडकीबाहेर ऊस हिरवागार. मालक मानसिंगसरांनी कंदी पेढा हातावर ठेवला. पहिलंच काम मनासारखं मिळालं: मातीतलं पालाश ज्योतीवर मोजणाऱ्या यंत्राला हवा पुरवायला नवा कॉम्प्रेसर निवडायचा. शाळेआधी मी घरी बाबांकडे शिकले. त्यांचा पहिला धडा: पाहिलं नाही ते लिहायचं नाही.

३ जुलै
माधवनगरला जाऊन तीन कॉम्प्रेसर पाहिले. बिनतेलाचा निवडला, तेलाचा अंश ज्योतीत गेला तर आकडा चुकतो. टाकी जाड, पाणी सोडायचा नळ हाताशी. दाबलेल्या हवेतलं पाणी तळाशी साचतं, ते रोज संध्याकाळी सोडून वहीत सही करायची. आधीची मुलगी, पल्लवी, आळस करायची. म्हणून मार्चमध्ये टाकी फुटली आणि ती जागीच गेली, असं सर म्हणाले.

४ जुलै
झाडलोट करणाऱ्या यल्लाप्पाकाकांना हे सांगितलं. ते खराटा टेकवून थांबले. "त्या पोरीनं एक दिस चुकवला न्हाई. टाकी गंजलीया म्हणून तीनदा लिवलं व्हतं. ती पानं कुठं गेली, ते सायबास्नी इचारा."
वही उघडली. मार्चची तीन पानं फाडलेली.

८ जुलै
कॉम्प्रेसर आला. मी निवडलेला नाही. ताज्या निळ्या रंगाखाली वेल्डिंगचं ठिगळ हाताला लागलं. मार्चमध्ये फुटलेली तीच टाकी. सर म्हणाले, तपासणी तोंडावर आलीय. 'नवीन, तपासून घेतला' एवढं लिही, नाहीतर घरची, कवठे महांकाळची गाडी पकड. कागदावर त्यांची सही आधीच होती. खाली मी केली. बाबा, मी केली.

९ जुलै
यंत्रात नुसतं शुद्ध पाणी सोडलं की ज्योत निळी जळते. आज सर आत आले की पिवळी, गेले की निळी. पिवळी म्हणजे मीठ. शुद्ध पाण्यात मीठ कुठून?
संध्याकाळी टाकीतून पाणी सोडलं. तांबूस. अंगाइतकं कोमट.

१० जुलै
वहीत माझ्या कालच्या सहीखाली: 'टाकी गंजली आहे. बदला.' मी लिहिलेलं नाही. काकांनी वही कपाळाला लावली. "तिचंच अक्षर हाय, ताई. तुमी घरला जावा."
सरांना दाखवली. त्यांनी पान फाडलं.

११ जुलै
तपासणीचे लोक दुपारी येणार. काकांना चहाला बाहेर पाठवलं —
प्लग काढलाय, माझ्या हातात आहे. तरी दाबाचा काटा चढतोय. आठ. नळ उघडला, हवा सुटत नाही —
सर आलेत. टाकी पुसतायत. ज्योत पिवळीधमक.
नऊ. हाक मारली तर वाचतील. चार पानं फाडली त्यांनी. मारत नाही —
हे मला वाटतंय की तिला? पेन थांबत नाही, अक्षर माझं नाही —
दहा. दार ओढते, उघडत नाही. मी काय केलं गं तुझं —
'नवीन, तपासून घेतला' तो कागद टाकीवरच ठेवलाय सरांनी. सह्या दोन आहेत, खालची