एकावरचा पंखा

राणीसावरगाव,
आखाजीच्या दुसऱ्या दिवशी

प्रिय अहो,

आता हसा. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी कागदावर तुमचं नाव लिहायला हात धजत न्हाई, म्हणून ‘अहो’च. फोन असताना चिठ्ठी कशाला, असंही म्हणाल. पण तुमचा फोन आला की घरात काय होतं ते तुमाला ठाऊक आहे. स्पीकर लाव म्हणत आत्याबाई या बाजूला, कान देऊन मामंजी त्या बाजूला. तुमच्या आई-बापाच्या मधी बसून मी काय सांगू, माझं कपाळ? त्यात सांगायचंय ते मामंजींचंच. नागनाथभाऊजी उद्या तुमच्याकडं चाकणला परत निघालेत, त्यांच्या हाती हे देते.

आधीच सांगते, भिऊ नका, मामंजी घरीच आहेत. पण मागच्या आठवड्यात ते बन्सीधरआप्पांच्या मेंढरांमागं गोदागंगेच्या काठी निघाले होते, पार पावसाळ्यापर्यंत. या वयात, गुडघा धरलेला, डोळ्यात मोतीबिंदू, आणि वैशाखाचं ऊन! आप्पांनी भीड पडून बरं म्हटलं. मामंजींनी मला पिठाचं, चटणीचं बघून ठेवायला सांगितलं, आणि तुमाला कळवायचं न्हाई अशी शपथ घातली. मीही गप राहिले, कारण तुमी तिथं बसून उंटावरून शेळ्या हाकल्या असत्या आणि इथं भांडण माझ्या पदरात पडलं असतं.

ते का निघाले, हे ऐकाल तर म्हणाल बापाला चळ लागला. आपल्या पंख्यापायी निघाले.

तुमी येता दिवाळीला, तेव्हा पंखा लागतोय कुणाला? म्हणून उन्हाळ्यातलं तुमाला ठाऊक न्हाई. आपलं घर लाइनच्या पार शेवटाला. दुपारी शिवारातल्या पाण्याच्या मोटारी चालू झाल्या की आपल्या वाट्याला उरलीसुरली लाइट येते. बल्ब नुसता लालसर दिसतो. रेग्युलेटर पाचावर असला तरी पंखा घूं घूं करतो, पातं हलत न्हाई. मग मामंजी उठायचे, मेंढरं हाकायची काठी वर करायचे आणि पात्याला अल्लाद धक्का द्यायचे. की लागला पंखा, हळू का होईना. मेंढरं विकली तेव्हा ती काठी तेवढी त्यांनी ठेवली होती ना, ती अशी कामाला आली. लाइट जाऊन आली की परत धक्का. आणि आपल्याच घरी न्हाई बरं का. शेजारच्या धम्मशीलाचं लेकरू पाळण्यात घामेजलं की ती हाक मारायची, मल्हारीबाबा, आमचा पंखा! निघाले मामंजी काठी खांद्यावर टाकून. आळीत दुसऱ्या कुणाला ते जमायचं न्हाई, बाकीचे जोर लावून पातंच वाकवून ठेवायचे.

पाडव्याच्या आधी ते डोळे दाखवायला गंगाखेडला गेले. इकडं आत्याबाईंनी बटण दाबलं, पंखा हलला न्हाई. राहू दे चालू, लाइट वाढली की फिरंल आपोआप, म्हणल्या आणि आडव्या झाल्या. मी अंगणात धुणं धुवायले, तर कायतरी जळल्याचा वास. आत येऊन बघते तर पंखा जागेवर आणि वरून धूर! पंखा फिरला तर मोटार टिकते, न फिरता नुसती कण्हत राहिली की आतली तार तापून जळते, हे मामंजींनी आमाला हजारदा सांगितलेलं. आले आणि काय बोलले आत्याबाईंना! मी एक दिवस घर सोडलं तर मोटार जाळून ठेवली म्हणे. पण खरं सांगू? बोलताना ते मिशीत हसायलेत असं मला दिसलं. मग मोटारीत नवी तार भरून आणली, पंख्याला सुरुवातीचा जोर देणारा कंडेन्सर तेवढा जुनाच राहिला.

आणि लगेच आळीला नवीन डीपी बसली, लाइटीचा मोठा ट्रान्सफॉर्मर. नारळ फुटला, पेढे वाटले. बटण दाबलं की पंखा भिंगरी! आत्याबाई भर दुपारी गोधडी घ्यायल्या. मामंजी पहिले काही दिवस सवयीनं काठी घेऊन पंख्याखाली उभे राहायचे, तो आपला आपण सुटला की परत खाटेवर. धम्मशीलाची हाक बंद झाली, तिचा तरी काय दोष? काठी कोपऱ्यात गेली. भाकरी अर्धी झाली. आत्याबाईंना म्हणले, इथं माझं काय काम हाय आता, मेंढरामागं तरी कामाला येईन. आत्याबाई चुलीपुढं बसून रडल्या. मी मामंजींची समजूत घालायला गेले तर मलाच म्हणले, पोरी, तुला काय कळतंय. मला लय वाईट वाटलं हो.

निघायच्या आदल्या दिवशी बन्सीधरआप्पा येऊन बसले. मुक्काम कुठं, कुणाच्या रानात मेंढरं बसवायची, दोघांचं ठरायलं होतं. आत्याबाई उठल्या. पदर सावरत बटणापाशी गेल्या, पंखा बंद केला, रेग्युलेटर पाचावरून एकावर आणला आणि परत बटण दाबलं. एकावर त्या जुन्या कंडेन्सरला कुठली ताकद! पंखा कण्हायला लागला. आणि ही बाई, जसं काही केलंच न्हाई अशा तोंडानं म्हणते, अहो, पंखा लागंना, जळंल की परत! मामंजींना कमी दिसतं, पण इतकंही कमी न्हाई. त्यांनी रेग्युलेटरकडं बघितलं. मग आत्याबाईंकडं बघितलं. मग उठले, काठी घेतली, धक्का दिला, आणि खाली बसत आप्पांना म्हणले, लाइटीचा काही भरवसा न्हाई आप्पा, मला काही येणं जमत न्हाई. आप्पाही शहाणे, चहा पिऊन गेले.

तेव्हापासून रोज दुपारी हेच. बाहेर लाइट फुल्ल, आणि आमी सगळे एकावरच्या वाऱ्यात घाम पुसत बसायलोत. मामंजी धक्का देऊन म्हणतात, आज व्होल्टेज लयच कमी हाय. आत्याबाई म्हणतात, मेल्या त्या डीपीचंच काहीतरी बिघडलं. पातं चांगलं फिरायला लागेपर्यंत त्या बटणावरचा हात काढत न्हाईत, मोटारीची धास्ती आहेच. मामंजींची भाकरी परत पूर्ण झाली. तुमी माझ्यासाठी म्हातारपणी एवढं तरी कराल का, देव जाणे.

आता लिहायला का बसले ते. नागनाथभाऊजी बोलता बोलता बोलून गेले की तुमी मायसाठी रिमोटवरचा पंखा घेतलाय आणि यंदा उन्हाळ्यातच सुट्टीला येताना आणणार आहात. लेकानं मायचा एवढा विचार केला, मला ऐकून भरून आलं. पण नका आणू. तिथंच तुमच्या खोलीत लावा, तुमीही तिथं उकाड्यातच झोपता. आणि इथं आलात की तुमाला उकडंल, तुमचा हात रेग्युलेटरकडं जाईल, कारखान्यातल्या माणसाच्या डोक्यात नवा कंडेन्सरही येईल. काही करू नका. बटण दाबा, पंखा लागला न्हाई तर जागचे हलू नका, आणि बापाला हाक मारा.

तुमचीच,
बबिता