कंटेंट सेम, कंपनी वेगळी

४ फेब्रुवारी, सकाळी ७.१०
ही बहिणीकडे गेली. आठ दिवसांसाठी. मोठी बॅग नेली, कारण लहान बॅगेची चेन बिघडली आहे. दुसरं काही कारण नाही.
आठ दिवस स्वतःसाठी मिळाले. संकल्प: रोज पहाटे पाच किलोमीटर चालणे. मेडिकलमधलं वरचं कपाट आवरणे. वजन तीन किलो कमी करणे. एकांत मिळाला की माणूस फुलतो.

५ फेब्रुवारी
चालायला गेलो नाही. बूट सापडेनात. हिला फोन केला. कुठे आहेत ते सांगितलं आणि लगेच ठेवला. बहिणीकडे कामाची गडबड असणार.
बूट सापडले. तोवर ऊन झालं होतं.

७ फेब्रुवारी
लेकीचा फोन. लेक दूरच्या शहरात नोकरी करते आणि आईची वकिली बिनपगारी करते. म्हणाली, बाबा, तुम्ही आईला त्या मालिकेचा शेवट का सांगितलात? मी म्हटलं, कुठल्या मालिकेचा? आठवत होतं, पण वकिलासमोर लगेच कबूल करायचं नसतं.
झालं असं की हिने दोन महिने एक कोरियन मालिका बघितली. एक डॉक्टरीण आणि एक गवंडी. सोळा भाग. शेवटच्या भागाच्या दिवशी मला म्हणाली, आज बसा ना माझ्याजवळ, एकटीने बघवणार नाही. मी दिवसभर काउंटरवर उभा राहून आलेलो. मोबाइलवर शेवट शोधला आणि सांगून टाकला. गवंडी मरतो, चल, वाढायला घे. सव्वा तास वाचवला. ती उठली, टीव्ही बंद केला, वाढलं. तिसऱ्या दिवशी बहिणीकडे गेली.
लेकीला म्हटलं, मालिकेपायी कुणी घर सोडतं का? ती म्हणाली, मालिकेपायी नाही हो बाबा. आणि फोन कट झाला. नेटवर्क.

१० फेब्रुवारी, दुपारी
उपाय सापडला. इतका सोपा की आधी कसा सुचला नाही याचं नवल वाटतं.
सव्वीस वर्षं औषधं विकतोय. चिठ्ठीवरची गोळी नसली तरी गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जाऊ दिलं नाही. कंटेंट सेम, कंपनी वेगळी. एवढं म्हटलं की गिऱ्हाईक मान डोलावतं. हिची एक मालिका माझ्या हातून वाया गेली, तर तशीच दुसरी द्यायची. हाय काय नि नाय काय.
शाळेच्या बाई आल्या होत्या. रिटायर झाल्यात, बीपीची गोळी नेतात आणि या मालिकांमधल्या एमडी आहेत. त्यांना विचारलं. म्हणाल्या, नुसत्या गोष्टीवरून जोडी लावायची नसते, थीम बघायची आणि मूड बघायचा. मी पावतीच्या मागे लिहून घेतलं. थीम म्हणजे आजार. मूड म्हणजे लक्षणं. आपलाच धंदा.

११ फेब्रुवारी
पहिला डोस मेसेजने पाठवला. "चिनी, चाळीस भाग. थीम: विरह. मूड: उदास, पण पचायला हलका. शेवट: दोघं देवळाच्या पायरीवर भेटतात, काळजी नसावी. रोज दोन भाग, जेवणानंतर."
वाचलेला दिसतोय. उत्तर नाही. औषध लागू पडायला वेळ लागतो.

१२ फेब्रुवारी
आठ दिवस झाले. संध्याकाळी फाटकाचा आवाज आला म्हणून तीनदा बाहेर गेलो. दोनदा शेजारी आणि एकदा वारा.
मेहुणीला फोन केला. म्हणाली, बरी आहे ती, राहू दे की अजून. राहू दे की, हे तिने अगदी सहज म्हटलं. सहज म्हटलेल्या गोष्टीचा मला राग येत नाही. अर्धा तास येरझाऱ्या घातल्या.

१५ फेब्रुवारी
दुसरा डोस थाई, तिसरा तैवानी. थाईत नवरा आंधळा होतो आणि मग त्याला बायकोची किंमत दिसते. तैवानीत बायको सातव्या भागात परत येते. हे ठळक अक्षरात लिहिलं.
लेकीचा फोन. आईला समुद्र बघायचा होता, पंचविसाव्या वाढदिवसाला तुम्ही धरणावर नेलंत, असं जुनं काहीतरी काढून बसली. लग्नाच्या वाढदिवसाची गोष्ट. अगं, पाणी ते पाणी. शिवाय धरणावर गर्दी नव्हती. मग म्हणाली, आणि आई म्हणते, शेवट सांगत जाऊ नका.
म्हणजे वाचतेय! फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात एकटाच हसलो. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, पण ही काडी नाही, चांगला ओंडका आहे.

१९ फेब्रुवारी
आता स्वतः बघूनच पाठवायचं ठरवलं. दुपारी शटर अर्धं खाली ओढून, खोकल्याच्या औषधांच्या खोक्यांमागे, दुप्पट स्पीडने. सोळा भाग आठ तासांत बसतात. सगळे भांडल्यासारखे बोलतात, पण थीम कळते.
जपानी, लाँड्रीवाल्याची. त्याची बायको निघून गेलीय आणि हा बाबा नऊ भाग लोकांचे शर्ट इस्त्री करतो, पण एकदाही चुकलं म्हणत नाही. इतका चिडलो. असा कसा दगड माणूस. हिला कळवलं, "असेसुद्धा नवरे असतात बघ."
चार वाजून दहा मिनिटांनी उत्तर आलं. "हो."

२० फेब्रुवारी
"हो." यावर विचार केला. नुसतं "हं" असतं तर गोष्ट वेगळी होती. "हो"मध्ये मान्यता आहे. "हो" म्हणजे आपलं दोघांचं एकमत झालं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, एकमत हे आजवर झालेलं नव्हतं.
तिच्या येण्याची तयारी सुरू. बेडवर टाकायला नवी चादर आणली. तिला जांभळी आवडते. जांभळी नव्हती, वांगी रंगाची घेतली. दिव्याखाली कळणारही नाही.

२५ फेब्रुवारी
पाच दिवसांत सहा डोस. एकाचंही उत्तर नाही.
घर खायला उठतं. सकाळी दोन कप काढतो आणि एक परत ठेवतो. आज आरशात बघितलं तर शर्टाच्या गुंड्या एक घर सोडून लावलेल्या. असाच दिवसभर काउंटरवर उभा होतो आणि कुणी सांगितलं नाही. ती असती तर दारातच हाताला धरून थांबवलं असतं. ती हवीय मला. हे इथे लिहिलं, इथे कुणी वाचत नाही.

२८ फेब्रुवारी
शाळेच्या बाईंना सगळी यादी दाखवली. वाचून झाल्यावर चष्मा काढून म्हणाल्या, त्यांनी बघितलेली मूळ मालिका तुम्ही बघितलीत? म्हटलं, नाही, शेवट माहीत आहे. बाई म्हणाल्या, मूळ औषधात काय आहे ते ठाऊक नसताना पर्याय देता? लायसन कुणी दिलं तुम्हाला?
काउंटरवर चार गिऱ्हाइकं होती. माझी मान खाली गेली. एकाला सुट्ट्या गोळ्यांऐवजी कापूस दिला.

६ मार्च
गवंड्याची मालिका संपवली. साध्या स्पीडने, सगळे सोळा भाग. आता कळतं, हिला एकटीने का बघवत नव्हतं. नवव्या भागात तो भिंत बांधताना गप्प बसतो, ते मी मागे नेऊन पुन्हा बघितलं.
आणि मोठी बातमी. गवंडी मरत नाही! मी वाचला तो शेवट त्याच नावाच्या दुसऱ्याच मालिकेचा. तिथेही गवंडीच. या खऱ्या शेवटात तो ठणठणीत आहे. डॉक्टरीण लांबच्या एका बेटावरच्या दवाखान्यात एकटी कामाला जाते, बोटीत बसते आणि सोळा भागांत पहिल्यांदा मोकळी हसते. गवंडी धक्क्यावरून हात हलवतो. संपलं. सगळे सुखरूप.
म्हणजे मी शेवट सांगितलाच नव्हता! भांडणाचं कारणच उरत नाही. उद्या सकाळी फोन. ती परवापर्यंत घरी.

७ मार्च, रात्री ९.३०
फोन केला. म्हटलं, अगं, तो जिवंत आहे. ती म्हणाली, माहीत आहे मला. मी दुसऱ्याच दिवशी शेवटचा भाग बघितला, तुम्ही दुकानात गेल्यावर. मी म्हटलं, मग तरी गेलीस? ती म्हणाली, बघूनच ठरवलं.
मला म्हणायचं होतं की चुकलं. तोंडाशी आलं होतं. तोंडातून निघालं, कॅमेऱ्याचं काम छान आहे. ती म्हणाली, हो, छान आहे.
ठेवणार, तेवढ्यात म्हणाली, तुम्ही मला इतक्या पाठवल्यात, आता मी तुम्हाला एक सांगते. नाव मेसेज करते. नीट बघा, पळवू नका.
तिने मला मालिका सुचवली! अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा. दुकान अकरा वाजता उघडलं. सगळ्यांशी हसून बोललो.

८ मार्च
जपानी, बारा भाग. टपाल खात्यातला पन्नाशीचा माणूस. घरात एकटा. सकाळी उठतो, अंडं उकडतो, शर्टाला इस्त्री करतो, कुंडीला पाणी घालतो, कामाला जातो. पहिला भाग एवढाच. बायको अजून आलेली नाही. ओळख करून देतायत.

१२ मार्च
पाच भाग झाले. अंडं सात मिनिटं उकडायचं असतं. मी आजवर अर्धा तास उकडत होतो. बायको नाही. फोटोतसुद्धा नाही. कथेची पकड हळूहळू घट्ट होणार, असं माझं मत.

१५ मार्च
आठव्या भागात दाराची बेल वाजली. मी खुर्चीत ताठ बसलो. मीटर बघायला आलेला माणूस निघाला. जीव नुसता टांगणीला लागलाय. चार भाग शिल्लक आहेत, चारात पुष्कळ होऊ शकतं. तैवानीत तर एका भागात दोन लग्नं लागली होती.

१९ मार्च
संपली. बाराव्या भागात त्याने नवी कुंडी आणली.

२० मार्च
हिला फोन केला. म्हटलं, बघून झाली, पण त्यात बायको येतच नाही. ती म्हणाली, नाही येत. मी विचारलं, दुसरा सीझन आहे का? नाही म्हणाली. मग तिनेच विचारलं, तो माणूस नीट राहतो ना पण एकटा? म्हटलं, हो, राहतो. आवडली? म्हटलं, हो. खरंच आवडली होती, त्याला काय करणार.
ती म्हणाली, बहिणीच्या ओळखीने इथल्या शाळेच्या लायब्ररीत काम मिळालंय, सोमवारपासून. मी अभिनंदन म्हटलं. गिऱ्हाइकाला परीक्षेचा निकाल लागल्यावर म्हणतो तसं. तिचा आवाज जरा भरल्यासारखा वाटला, म्हणाली, तशा अजून आहेत, त्याच थीमच्या, त्याच मूडच्या. यादी पाठवते.

२१ मार्च, सकाळी ८.००
यादी आली. सात नावं. प्रत्येकापुढे देश, भाग आणि एक ओळ तिच्या शब्दांत. बागेतला माणूस, कोरियन. एकटा म्हातारा आणि रेडिओ, चिनी. स्वतःपुरता स्वयंपाक शिकणारा, तैवानी. शेवट एकीचाही लिहिलेला नाही. सातही शेवट शोधून वाचले. कुणीही परत येत नाही.
अशी यादी करायला दोन-तीन तास तरी लागतात, मला अनुभव आहे. तेवढा वेळ ती माझाच विचार करत बसली असणार. एकूण चौऱ्याऐंशी भाग. रोज एक धरला तर जून उजाडेल.
ती येणार नाही. हे इथे लिहून ठेवतो, नाहीतर उद्या सकाळी मी पुन्हा नव्याने वाट बघायला सुरुवात करीन.