डाव्या दांडीची जागा

फुएन्तेसेका (हाएन),
९ मार्च १९९७

चि. आरासेलीस ताईचे पुष्कळ आशीर्वाद आणि एक गालगुच्चा.

तुझी देशाच्या फुटबॉल संघात निवड झाल्याचा फोन आला तेव्हा आई मिगाससाठी पावाचा चुरा परतत होती. हातातला झारा घेऊनच ती रस्त्यावर धावली. मिगास करपले, तरी आम्ही हसत हसत खाल्ले. बारवाला एउसेबियो म्हणतो, या गावातून आजवर फक्त तेल बाहेर गेलं, मधल्या फळीतली खेळाडू पहिलीच.

बाबांचं मात्र वेगळंच. लोक हात मिळवायला आले तर टोपी उचलून निघून गेले. तू पोरांत खेळायचीस, तेव्हाचा राग अजून धरलाय असं मला वाटलं. काल शेतात झाडांखाली पसरलेल्या ऑलिव्हच्या जाळ्या गुंडाळताना मी त्यांना विचारलंच. जे कळलं ते तुझ्यापासून लपवणं मला बरोबर वाटत नाही.

दोन वर्षांपूर्वी तुझा गुडघा गेला आणि मुलगी लंगडेल असं डॉक्टर म्हणाले. त्या संध्याकाळी बाबा मारियामातेपुढे नवस बोलले. पोर धड चालू लागली, तर ती खेळ सोडेल. तुला सगळ्यात प्रिय असेल तेच द्यायचं, नाहीतर ते देणं कसलं, असं त्यांचं म्हणणं. तू चालू लागलीस आणि लगेच पळायलाही लागलीस. तुला सांगायचा त्यांना धीर झाला नाही. आता त्यांना धास्ती आहे की शब्द मोडला म्हणून माता गुडघा परत घेईल, तोही साऱ्या देशासमोर. त्यात सामना नेमका मातेच्या यात्रेच्या दिवशी!

मी खूप बोलले. दुसऱ्याचं आयुष्य परस्पर वाहून टाकायचा हक्क बापालाही नाही, असं ठणकावून सांगितलं. त्यावर ते म्हणाले की विद्यापीठात नवस शिकवत नाहीत वाटतं.

तू मनाला लावून घेऊ नकोस. पोर्तुगालविरुद्ध खेळ. मी इथलं बघते. जेवणाची हेळसांड करू नकोस आणि ताईवर राग धरू नकोस.

तुझी,
एन्कार्ना


सान सेबास्तियान,
१८ मार्च

प्रिय ताई, साष्टांग नमस्कार.

पत्र वाचून इतकी चिडले की बूट भिंतीवर भिरकावला. खालच्या म्हाताऱ्या बाईंनी काठीने छत ठोकलं. मला न विचारता बाबांनी मला देऊन टाकलं? त्यांनी एकही सामना पाहिलेला नाही. काय दिलं ते तरी त्यांना ठाऊक आहे का?

राग दोन दिवस टिकला. मग भीती आली. माझं काम कसं असतं ते तुला माहीत आहे. चेंडू येण्याआधी मान वळवून कोण कुठे आहे ते बघून ठेवायचं आणि आला की लगेच पुढे द्यायचा. रविवारी मी मान वळवलीच नाही. सारखं लक्ष गुडघ्याकडे. आमच्या क्लबच्या प्रशिक्षक मेर्चेबाई बाहेरून ओरडल्या की पायाशी गप्पा मारून झाल्या असतील तर खेळायला ये. सगळ्या हसल्या, मीही हसले. पण डॉक्टरांनी दोनदा तपासून काही नाही म्हणून सांगितलं, तरी माझा विश्वास बसत नाही.

मी तुझ्यासारखी ठाम नाही गं. मीही त्याच मातेपुढे मेणबत्त्या लावत वाढले. नवस मोडला तर गुडघा जाईल असं वाटतं. पाळला तर माझं उरतं काय? फोन करणार होते, पण बाबांनीच उचलला तर काय बोलू? तू शिकलेली आहेस, काहीतरी सुचव. आणि मी घाबरलेय हे त्यांना कळू देऊ नकोस.

आईला एक घट्ट मिठी. तू मला विसरू नकोस म्हणजे झालं.

आरासेली


फुएन्तेसेका,
२ एप्रिल

चि. आरासेलीस आशीर्वाद, आणि या वेळी जरा जास्तच.

बाबांना घेऊन फादर एवारिस्तोंकडे गेले होते. मी मुद्दे पाठ करून गेले होते, पण फादरनी मला बोलूच दिलं नाही. ते बाबांना म्हणाले की शेजाऱ्याच्या झाडाचे ऑलिव्ह तोडून मातेला वाहिलेस, तर ती ते घेईल असं तुला वाटतं का? पोरगी तुझी असली तरी तिचे पाय तुझे नाहीत. हा नवस तिच्यावर बांधलेला नाही. तुझ्या मनाला टोचणी असेल तर तुझं स्वतःचं काहीतरी दे.

मी मनात म्हटलं, सुटलो! बाबा फार तर तंबाखू सोडतील.

बाबांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, मातेची पालखी वाहायची माझी जागा देतो.

पुढची डावी दांडी, आरासेली. आजोबांची जागा. एकदा सोडली की ती दुसऱ्या घरात जाते आणि परत मिळत नाही, हे तुला माहीत आहे. फादरही चपापले आणि इतकं नको म्हणाले. घरी आई रडली. मीही बाबांना विनवलं की असल्या देण्याघेण्याला काही अर्थ नाही. ते म्हणाले, मास्तरीणबाई, आता गप्प बसा, हे तर माझंच आहे ना?

मीच त्यांना ते शिकवलं होतं.

संध्याकाळी त्यांनी दांडीखाली खांद्यावर घ्यायची उशी एउसेबियोच्या मुलाला देऊन टाकली. तुझ्यावर आता कसलं बंधन नाही, एवढं तुला कळवायला सांगितलंय. पाठीवरून हात फिरवते आहे असं समज.

तुझी ताई,
एन्कार्ना


बादाहोस,
२८ एप्रिल

प्रिय ताई, सप्रेम नमस्कार.

बाबा सुखरूप आहेत एवढंच काल फोनवर सांगता आलं. बाकीचं आता लिहिते.

पंपाचा सुटा भाग आणतो असं आईला सांगून निघालेले बाबा इथे सामन्याला येऊन उतरले होते. मला काहीच माहीत नव्हतं. उत्तरार्धात देशाच्या संघाच्या प्रशिक्षकांनी मला उतरवलं. पहिल्या चेंडूआधी मान वळवली, तर समोर यात्रेचा काळा कोट घातलेले बाबा! पोर्तुगालच्या लोकांत जाऊन बसले होते. चेंडू माझ्या पायाखालून निघून गेला. मेर्चेबाई इथे नव्हत्या हे माझं नशीब.

मग मात्र खेळले, ताई. एकीने गुडघ्यावर सणसणीत लाथ घातली. मी पडले, उठले आणि पुढचा चेंडू मागून घेतला. बरोबरी झाली. मी गोल केला नाही, पण ज्या पासवर झाला तो माझा होता.

सहाला, आपल्याकडे पालखी उठते त्या वेळी, बाबा उभे राहिले आणि त्यांनी टोपी काढली. मागचे लोक बसा बसा म्हणून ओरडले. ते बसले नाहीत.

नंतर बाहेर भेटले. मी त्यांच्या गळ्यात पडले, तर घाम पूस आधी म्हणाले. मग तक्रार केली की एवढं पळून चेंडू मिळवतेस आणि लगेच दुसरीला देऊन टाकतेस, हा कसला खेळ? बसथांब्यापर्यंत मी त्यांना ते समजावत होते. त्यांनी खरंच ऐकून घेतलं.

बस आली तेव्हा त्यांनी विचारलं की पुढच्या वर्षीही या दिवशी सामना असतो का. मी म्हटलं, देशाचा असेल की क्लबचा ते माहीत नाही, पण कुठेतरी मी खेळत असेनच. तर म्हणाले, मग वेळेवर कळव. त्या दिवशी गावात कुठे उभं राहायचं ते मला आता ठाऊक नाही.

त्यांना इतक्यात जास्त प्रश्न विचारू नका. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
आरासेली