वरचा सूर

रविवार, १४ डिसेंबर. मेहकर

आज जानेफळला डोहाळजेवणात गाणी म्हणायला गेले होते. माझ्याआधी यजमानीणबाईंची भाची गायली. गाणं शिकलेली पोरगी, आवाज अगदी स्वच्छ. बायका चुपचाप ऐकत बसल्या. वाटलं, आपण इथून निघावं.

मग माझी पाळी आली. वरचा सूर मला आजही लागला नाही. तो आला की मी थांबते आणि माईक बायकांपुढे धरते, वर्षानुवर्षं असंच. त्यांनी तो मोकळ्या गळ्याने, जमेल तसा ओढला. सकाळपासून मळमळीने हैराण झालेली पोटुशी सूनही हसून गायला लागली.

जेवताना भाचीने विचारलं, "मावशी, त्या जागी तुम्ही मुद्दाम थांबता काय?"

खोटं बोलावं का? क्षणभर वाटलंही.

"नाही वं बाई. मले तिथंलोकच येते, त्याच्या वर आवाज चढत नाही."

ती हसली नाही. म्हणाली, "माह्यासंगं तं कोणीच गात नाही."

"मंग पुढच्या गाण्याले बायकांमंधी बस आन् तिथून म्हण."

जेवणानंतर ती खरंच सतरंजीवर बायकांमध्ये जाऊन बसली. मी थांबले तिथे वरचा सूर तिने उचलला, आणि शेजारच्या म्हातारीने तिचा हात धरून तिच्यासोबत गायला सुरुवात केली.