दोन्हीकडे उघडणारं फाटक

सोमवार, १८ ऑगस्ट २०२५. सकाळी ७.४०.
वेळ मुद्दाम लिहून ठेवते, पुढे उपयोगी पडेल. बरोबर या वेळी शेजारच्या आबासाहेबांच्या विटांची ट्रॉली रिव्हर्स घेताना माझ्या गेटात शिरली. ट्रॅक्टर त्यांचा, विटा त्यांच्या, बांधायचा वरचा मजला त्यांचा. गेट तेवढं माझं. आबासाहेब स्वतः रस्त्यात उभे राहून ड्रायव्हरला हाताने बोलावत होते, येऊ द्या, येऊ द्या. गेट आडवं झाल्यावरही त्यांच्याकडे एक 'येऊ द्या' शिल्लक होतं. तेही त्यांनी म्हणून घेतलं.

माझ्या नवऱ्याने, नृसिंहने, हौसेने बसवलेलं लोखंडी गेट. रुळावरून भिंतीलगत सरकणारं. सरकताना अख्ख्या कॉलनीला जागं करायचं. तो गेल्यानंतरही मी ते बदललं नाही. मला ते कधीच आवडलं नव्हतं, पण न आवडणारी वस्तूसुद्धा दुसऱ्याने का मोडावी.

आबासाहेब साखर कारखान्यातून रिटायर झाले, आवाज मात्र अजून कारखान्याचा आहे. म्हणाले, ताई, लोखंडच हाय, ठोकलं की सरळ हुतंय, सांजच्याला बशिवतो. मी म्हटलं, ठोकाठोकी नको, मला लेखी खुलासा हवा. सरकारी नोकरीत मी भल्याभल्यांकडून लेखी खुलासे घेतले आहेत. ते म्हणाले, शेजाऱ्याला काय लिवायचं, मी हितंच तर हाय. आणि गेट उचलून स्वतःच्या अंगणात घेऊन गेले.

संध्याकाळ. पुण्याहून अनीशचा फोन. आबासाहेबांच्या राहीबाईंनी माझ्या सुनेला, पूजाला, फोटो पाठवला होता. एरवी या बाईंना गॅसचा नंबर लावता येत नाही. अनीशचं नेहमीचं: आई, एकटीने किती दिवस रेटणार, बंगला विकू, इकडे ये. इकडे म्हणजे बाराव्या मजल्यावर, वॉशिंग मशीनशेजारच्या खोलीत.
मी सांगितलं, दसऱ्याच्या आत मी एकटीने, कोणाचीही मदत न घेता, नवं गेट लावून दाखवते. लावलं तर पुण्याचा विषय कायमचा बंद. नाही लावलं तर बॅग भरून तयार राहीन. तो म्हणाला, तसा मेसेज करून ठेव. माझाच मुलगा. ठेवला.

बुधवार, २० ऑगस्ट.
निर्णय झाला. लाकडी. आमच्या कॉन्व्हेंटला ओकचं फाटक होतं. दोन झडपा, आतही वळायच्या, बाहेरही. मदर सुपीरिअर आल्या की बाहेर, आम्ही पळायला लागलो की आत. नगरमध्ये तसं दुसरं नसेल.
गेटाच्या जागी सध्या खाट आडवी लावली आहे. राहीबाईंच्या कोंबड्या खाटेखालून येऊन माझ्या शेवंतीच्या वाफ्यात सभा भरवतात. राहीबाई म्हणतात, कोंबडीला काय कळतंय तुमचं घर कंचं अन् आमचं कंचं. मग शिकवा.

मंगळवार, २६ ऑगस्ट.
सुतार मिळाला. सूर्यभान. कर्जतकडचा, देवळांची दारं करतो. फार समजूतदार माणूस. प्रत्येक गोष्टीला व्हय म्हणतो. ओक मिळेल का? व्हय, मिळंल की. दोन्हीकडे उघडेल? व्हय, उघडंल की. दसऱ्याच्या आत? व्हय. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला असा एक कर्मचारी मिळाला असता तर खातं सुधारलं असतं.
पण गणपतीत तो मंडपात कामाला. नंतर येईल.

मंगळवार, ९ सप्टेंबर. दुपारी.
मापं घेतली. सूर्यभानच्या टेपचं टोक तुटलेलं. तो म्हणाला, धरून घेतो अंदाजानं. मी लगेच शिवणाच्या डब्यातला माझा टेप काढला. एक टोक त्याच्याकडे, एक माझ्याकडे.

त्याने विचारलं, बाई, गाडी जरा काढता का भाईर? नृसिंहची गाडी. पुढचं चाक पोर्चच्या पायरीला, मागचा बंपर गेटापासून वीतभर. नाही तर मावतच नाही. बॅटरी बसली आहे. दसऱ्याला नवी टाकून, हार घालून बाहेर काढायची आहे, कॉलनीला एक चक्कर मारणार आहे. मी म्हटलं, माप गेटाचं घ्यायचं आहे, गाडीचं नाही. तो व्हय म्हणाला आणि बंपर आणि खांब यांच्यामधून आडवा होऊन शिरला.

खाली फट अजिबात नको, हे मी बजावून सांगितलं. कोंबडीच काय, पोस्टकार्डही सरकता कामा नये. त्याने रस्त्याकडे बोट केलं. गेल्या वर्षी काँक्रीट झाल्यापासून रस्ता आमच्या अंगणापेक्षा वीतभर उंच आहे, गेटापाशीच चढ सुरू होतो. मी म्हटलं, रस्त्याचं मी बघून घेईन, तू फाटकाचं बघ.
एक झडप पाच फूट. दुसरीही पाच फूट. हिशेब चोख जमला. आपण स्वतः लक्ष घातलं की काम असं होतं.

गुरुवार, ११ सप्टेंबर.
लाकूड आलं. बाभूळ आहे. सूर्यभान म्हणाला, हाच आपल्याकडचा ओक. आधी चिडले, पण विचार केला. कॉन्व्हेंटमधलं लाकूड तरी ओक होतं हे आम्हाला सांगितलं कोणी? सिस्टरनी. त्यांना काय कळत होतं लाकडातलं.

शनिवार, १३ सप्टेंबर.
काम बंद. पितृपंधरवडा. सूर्यभान म्हणाला, बाई, पितरांच्या दिवसांत नवं दार उभं करत न्हाईत. मी त्याला पाऊण तास विज्ञान सांगितलं. त्याने सगळ्याला व्हय म्हटलं आणि हत्यारं पिशवीत भरली.
शेवटी तडजोड: झडपा तो त्याच्या घरी तयार करणार, घटस्थापनेला पहाटे बसवणार. त्याच दिवशी त्याला गावच्या देवळात घटी बसायचं आहे. नऊ दिवस देवीपुढे, देवळाबाहेर पाऊल नाही, फोन नाही. म्हणजे नऊ वाजायच्या आत हात धुऊन मोकळा होणार. मुदत पाळणारा माणूस मला आवडतो.

सोमवार, २२ सप्टेंबर. सकाळी ९.१०.
फाटक उभं आहे. पितळी कड्या, वरची बाजू कमानदार. खाली पोस्टकार्ड सरकवून पाहिलं. सरकलं नाही. डोळे भरून आले, लाकडाच्या भुशामुळे.

सूर्यभानने दोन्ही झडपा मिटवल्या, मध्ये पाचरी ठोकल्या, बिजागऱ्या खांबात सिमेंटने पक्क्या केल्या आणि आबासाहेबांच्या शिडीवरून भिंतीपलीकडे उतरला. म्हणाला, बाई, सिमिट वलं हाय, दसऱ्यापत्तुर हलवू नका. दसऱ्याला पाचरी काढा, दोन्हीकडं उघडंल. मोटारसायकलला किक मारून गेला. उघडून दाखवलं नाही, कारण घट बसायची वेळ झाली होती. मला पटतं.
अनीशला फोटो पाठवला. खाली लिहिलं, विषय बंद. त्याने उत्तर दिलं, छान दिसतंय, दसऱ्याला येतो, बघू.
बघू म्हणजे काय, हे विचारणार आहे.

बुधवार, २४ सप्टेंबर.
मी आत आहे. दसऱ्यापर्यंत आतच राहणार, कारण सिमेंट. लोकांना वाटतं मी अडकले. मी अडकलेली नाही, मी थांबलेली आहे. दूध, भाजी राहीबाई भिंतीवरून देतात. जांभळं चोरणाऱ्या पोरांसाठी मीच भिंतीवर काचा लावल्या होत्या, त्यावर त्या आधी पोतं टाकतात. म्हणाल्या, ताई, जेलात डबा द्यायला आल्यासारकं वाटतंय. मी म्हटलं, मेथी जून आहे.
ही मदत नाही. भाजी मी विकत घेते.

शनिवार, २७ सप्टेंबर.
अंगण झाडताना एक गोष्ट लक्षात आली. बंपर आणि फाटक यांच्यामध्ये झाडू जेमतेम मावतो. झडप पाच फुटांची. ती आत वळणार म्हणजे कुठे वळणार?
थोडा वेळ पायरीवर बसले. मग सुचलं. आधी गाडी बाहेर काढायची, मग फाटक आत उघडायचं. फक्त क्रम नीट लावायचा.

शनिवार. दुपारी.
गाडी बाहेर काढायला फाटक उघडावं लागेल.

शनिवार. संध्याकाळी.
बाहेर उघडेल. म्हणून तर दोन्हीकडचं करून घेतलं. दूरदृष्टी यालाच म्हणतात. उगाच घाबरले.

मंगळवार, ३० सप्टेंबर.
बाहेरच्या बाजूला वाकून पाहता येत नाही. वरच्या गच्चीतून पाहिलं. रस्त्याचा चढ फाटकाला अगदी टेकलेला दिसतो. वरून सगळंच टेकलेलं दिसतं. गच्चीवरून आबासाहेबांचं अंगणही दिसतं. त्यांनी नृसिंहचं लोखंडी गेट ठोकून सरळ केलं आहे, रंगही दिला आहे, आंब्याला टेकवून ठेवलं आहे. कोणी सांगितलं होतं?
सूर्यभानचा फोन बंद. देवीपुढे आहे. तिथून खुलासा मागायचा तर थेट देवीकडेच मागावा लागेल.
श्रीखंडासाठी दही टांगलं.

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा. सकाळी.
गाडी धुतली. मेकॅनिकने नवी बॅटरी भिंतीवरून दिली, टाकली मीच. झेंडूचा हार गाडीला, तोरण फाटकाला. पाचरी काढल्या. नवी इस्त्रीची साडी. अनीश-पूजा अकराला येणार.

दुपारी १.१५.
क्रमाने लिहिते.
अनीश आणि पूजा वेळेवर आले. आबासाहेब आणि राहीबाई बोलावलं नसताना आले. आबासाहेबांनी रस्त्यावर नारळ फोडला. अनीशने बाहेरून ढकललं. फाटक बंपरला टेकलं आणि थांबलं. मी म्हटलं, तिकडून ओढ. अनीश आणि आबासाहेबांनी मिळून ओढलं. आबासाहेब सवयीने म्हणाले, येऊ द्या, येऊ द्या. चार बोटं आलं. मग लाकूड काँक्रीटमध्ये रुतलं. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. चार बोटं.
मी म्हटलं, लाकूड नवं आहे, सवय व्हायची आहे. तेवढ्यात राहीबाईंची तांबडी कोंबडी भिंतीवरून उडून आली आणि गाडीच्या टपावर बसली. राहीबाई म्हणाल्या, कोंबडी येऊ न्हाई म्हनून केलं, कोंबडी वरून आली अन् ताई आत ऱ्हायल्या. पूजा तोंडावर ओढणी धरून रस्त्याकडे वळली. खांदे हलत होते.

अनीशने फटीतून आपट्याची पानं दिली. सोनं घे आई, म्हणाला. मी बोटं बाहेर काढून त्याचा गाल शोधला, पूजाचा सापडला. आज सगळं गाव शीव ओलांडून जातं.

आबासाहेबांच्या फोनवरून सूर्यभान सापडला, देवळातून नुकताच उठलेला. म्हणाला, व्हय, उघडंल की, लाकूड बसतंय अजून, दम धरा. तो आता पायी दुसऱ्या देवीला निघाला आहे, कोजागिरीनंतर येईल.
मग मी अनीशला स्पष्ट सांगितलं. मेसेजमध्ये 'गेट लावून दाखवते' असं आहे. लावलं आहे. उघडलं पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही. त्याने फटीतून माझ्याकडे पाहिलं. चिडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, आई, तुला चक्कर आली असती तर आत कोण येणार होतं?
मी श्रीखंडाचं पातेलं आणायला आत गेले.

संध्याकाळी ५.३०.
ते गेले. जेवले आबासाहेबांकडे. माझं श्रीखंड भिंतीवरून तिकडे गेलं, राहीबाईंच्या पुऱ्या इकडे आल्या. मी पायरीवर ताट घेऊन बसले, पलीकडून त्यांचं हसणं ऐकू येत होतं.
जाताना अनीश आबासाहेबांना म्हणाला, काका, तुमच्या ट्रॅक्टरने आत्ताच ओढून पाडा हे, मी आजच आईला घेऊन जातो. आबासाहेब म्हणाले, टॅक्टर पुतण्याकडं खर्ड्याला गेलाय बगा. अनीश म्हणाला, मग रविवारी मी माणूस आणि कटर घेऊन येतो, आई, तू बॅग भरून ठेव.
मी गच्चीवर गेले. ट्रॅक्टर आबासाहेबांच्या आंब्याखाली ताडपत्री घालून उभा आहे, नृसिंहच्या गेटाशेजारी. ताडपत्री काल नव्हती.
बॅग काढली. कुलपाची किल्ली सापडत नाही. शोधली नाही.

संध्याकाळी ६.४५. (आबासाहेबांना द्यायच्या पत्राचा मसुदा)

श्री. आबासाहेब यांस,
दि. १८ ऑगस्ट रोजी सकाळी ७.४० वाजता आपण माझं गेट पाडलंत. त्याचा खुलासा आजपर्यंत मिळालेला नाही. तो आता नको.
आज आपण माझ्या मुलाला ट्रॅक्टर खर्ड्याला असल्याचं सांगितलंत. तो मला गच्चीवरून दिसतो. त्याचाही खुलासा नको. त्याबद्दल मी कोणाला काही बोलणार नाही.
विनंती एवढीच की, सदर ट्रॅक्टर ट्रॉलीसह रविवारच्या आत माझ्या फाटकावर पूर्वीप्रमाणेच उलटा घ्यावा. रस्त्यात उभं राहून येऊ द्या म्हणायला कृपया आपणच असावं, दुसऱ्या कोणाला ते जमणार नाही. आंब्याला टेकवलेलं लोखंडी गेट त्यानंतर जागेवर आणावं. रूळ अजून जमिनीत आहे. ही मदत समजू नये, ही नुकसानभरपाई आहे. अनीशला मी तसंच सांगणार आहे.
ट्रॅक्टर नक्की कधी येईल, याचं उत्तर उद्या सकाळी ७.४० च्या आत मिळावं. लेखीच हवं. भिंतीवरून चालेल, काचांवर पोतं टाकून ठेवलं आहे.

आपली,
लीना नृसिंह धर्माधिकारी

ता. क. तांबडी कोंबडी इकडेच आहे. तिलाही बाहेर पडता येत नाही.